निरीक्षकांनी शिवलेले घर

इमारतीच्या समितीची नोटीस आली त्या सकाळी निरीक्षक वर्तमानपत्र मोजत होते. पहिल्या पानाची रुंदी गेल्या महिन्यापेक्षा चार मिलिमीटरने घटली असावी असा त्यांना संशय होता, आणि तो खरा ठरण्याच्या बेतात होता. वजनमापे खात्यातून निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षे झाली होती. तरीही पोलादी टेप शर्टाच्या खिशातून हलली नव्हती, आणि त्यांना येताना पाहिले की मंडईतले दुकानदार तराजूच्या पारड्याखालचा अंगठा आपोआप काढून घेत.

नोटीस एका पानाची होती. निरीक्षकांच्या सदनिकेतून शिट्ट्यांचे आवाज येतात, अकरा दिवसांत अशा त्रेचाळीस शिट्ट्या झाल्या, त्यांतल्या एकोणीस दुपारी दोन ते चार या वेळेत झाल्या, अशी खालच्या मजल्यावरून लेखी तक्रार होती. पंधरा दिवसांत बंदोबस्त झाला नाही तर समिती समक्ष पाहणी करील आणि प्राण्यांना इमारतीबाहेर हलवण्याचा आदेश देईल. तक्रारदार हे निवृत्त फुटबॉल पंच होते. तीस वर्षे मैदानावर शिट्टी वाजवण्याचा अधिकार ज्यांच्या एकट्याकडे होता, त्यांना आपल्या दुपारच्या झोपेत दुसऱ्याने वाजवलेली शिट्टी कशी खपावी? पहिल्या शिट्टीला आपण झोपेतून ताडकन उठलो आणि हात वर करून पलंगाशेजारी उभे राहिलो, असे त्यांनी तक्रारीत स्वतःच नमूद केले होते. हिशेब इतका चोख होता की निरीक्षकांना राग येण्याआधी तक्रारदाराबद्दल थोडा आदर वाटला.

शिट्ट्या वाजवणाऱ्या दोघी म्हणजे पावाच्या लादीएवढ्या दोन गिनीपिग बहिणी. बदामी रंगाची ती थोरली आणि काळी-पांढरी ती धाकटी. त्या निरीक्षकांच्या मुलीच्या. मुलगी जहाजावर अभियंता होती आणि पाच महिन्यांसाठी समुद्रावर गेली होती. निघताना बाबा बूट घालताहेत, त्यांना ऐकू येणार नाही अशा समजुतीने तिने दारात आईला सांगितले होते, "बाबांना फक्त पाणी बदलू दे. बाकी काही सुधारायला देऊ नकोस." निरीक्षकांना ऐकू आले होते. त्यानंतर स्टेशनपर्यंत ते तिच्याशी हवामानाविषयी बोलले. आता ती परत यायच्या आत तिच्या गिनीपिगना घर सोडावे लागले असते, तर ते वाक्य कायमचे खरे ठरले असते. आणि मुलीला खरे ठरू देण्यात बापाची हरकत नसली, तरी हे एक वाक्य निरीक्षकांना काही केल्या खरे ठरू द्यायचे नव्हते.

पहिली अडचण अर्जाची. समितीचे सचिव म्हणाले की पाहणी व्हायची तर आधी रीतसर अर्ज हवा, आणि अर्जाच्या नमुन्यात कुत्रा, मांजर व पक्षी असे तीनच रकाने होते. चौथा छापायचा तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागली असती, आणि मागच्या सभेत जिन्यातल्या दिव्यावरून जे झाले ते पाहता सचिव दुसरी सभा बोलवण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

"शिट्टी वाजवतात ना?" त्यांनी विचारले. "मग पक्ष्यात बसतात."

निरीक्षकांनी चाळीस मिनिटे वाद घातला. या प्राण्यांना केस असतात, ते पिलांना दूध पाजतात आणि त्यांना चार पाय असतात, हे त्यांनी क्रमाने सिद्ध केले. सचिवांनी यातले काहीही नाकारले नाही. पायांचा रकाना नाही, एवढेच ते म्हणाले. शेवटी निरीक्षकांनी दोन पक्ष्यांसाठी सही केली. मात्र 'पंख छाटलेले आहेत काय?' या प्रश्नापुढे त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिले, 'पंख नाहीत. कधीही नव्हते.' सचिवांनी ते वाचून समाधानाने मान हलवली आणि शिक्का मारला.

मग पशुवैद्य बाई घरी येऊन गेल्या. त्यांनी दोघींचे दात, नखे आणि पोटे तपासली आणि पिंजऱ्याकडे पाहून विचारले, "यांना लपायला जागा कुठे आहे?"

"पिंजरा चांगला ऐसपैस आहे," निरीक्षक म्हणाले. "मोकळा आहे."

"मोकळा आहे हेच तर. तुम्हाला कुणी भर चौकात गादी घालून दिली तर झोप लागेल का?"

ज्यांना जगात कुणीही उचलून खाऊ शकते अशा जिवांना डोक्यावर छप्पर लागते, असे बाईंनी समजावले. एक कापडी घर द्या, एखादा बोगदा द्या, जमले तर टांगायला छोटी झोळी द्या; भीतीने ओरडत असतील तर कमी होईल. यातला 'तर' निरीक्षकांनी ऐकला नाही. एरवी दुसऱ्याच्या वाक्यातला 'तर' त्यांच्या हातून सहसा सुटत नसे.

दुकानात तयार कापडी घरे होती. निरीक्षकांनी एक उचलले, उलटे केले आणि खिशातून टेप काढली. चिठ्ठीवर तीस सेंटिमीटर छापले होते. घर साडेअठ्ठावीस भरले.

"साहेब, कापड आहे ते. दबतं," दुकानदार म्हणाला.

"कापड दबतं. छापलेला आकडा दबत नाही."

पुढे त्यांनी इंचाला किती टाके पडले आहेत ते मोजून दाखवले, एका सुटलेल्या दोऱ्यात प्राण्याचे नख कसे अडकेल याचे बोटाने प्रात्यक्षिक केले, आणि अशी वस्तू विकत घेण्यापेक्षा आपण स्वतः शिवू, असे जाहीर केले. कुत्र्याचा पट्टा घ्यायला आलेली दोन माणसे या घोषणेला साक्षी होती. माघार घ्यायची सोय त्यामुळे राहिली नाही.

घरी पत्नी म्हणाली, "मी शिवते की. अर्ध्या तासाचं काम आहे."

यावर निरीक्षकांनी तिला शांतपणे समजावले की, जे काम अर्ध्या तासात होते असे वाटते ते अजून नीट समजलेले नसते. पत्नीने मशीनवरचे आच्छादन काढून दिले, सुयांचा डबा शेजारी ठेवला आणि ती आपली भाजी निवडायला निघून गेली. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने अनेक वाद असेच जिंकले होते.

मापे घेण्यात दोन दिवस गेले. निरीक्षकांनी आयुष्यात धान्याची मापे, दुधाची भांडी, पेट्रोलचे पंप आणि एकदा एका पुलाची लांबी तपासली होती. पण ज्याची लांबी स्वतःच ठरत नाही असे काही त्यांच्या समोर आले नव्हते. निजलेली थोरली तेवीस सेंटिमीटर भरे. टेप दिसली की सव्वीस. काकडी दिसली की थेट एकतीस. धाकटी तर टेपच्या शून्याच्या टोकाला तोंड लावून ते चावू पाही, त्यामुळे मोजणीला आरंभच सापडत नसे. अखेर प्रत्येकीची दहा मापे घेऊन सरासरी काढण्यात आली: थोरली सव्वीस पूर्णांक चार, धाकटी चोवीस पूर्णांक नऊ. उंची आणि घेरही दशांशापर्यंत वहीत उतरले, आणि वहीत आले ते खरे, अशा विश्वासाने निरीक्षक मशीनवर बसले.

पत्नीने जाता जाता विचारले, शिवणीसाठी कडेला माया ठेवली ना? माया म्हणजे टाक्याबाहेर राखायचे जास्तीचे कापड, हे तिने समजावूनही सांगितले. निरीक्षकांना ही कल्पनाच पटली नाही. मापाबाहेर काही राखून ठेवणाऱ्यांवर त्यांनी उभी हयात खटले भरले होते. जितका प्राणी तितके घर.

तर पहिले घर जितका प्राणी तितके झाले, आणि त्यातूनही शिवणीत गेलेले कापड वजा झाले. थोरली काकडीच्या आमिषाने आत शिरली ती खांद्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, आणि तिथे थांबली. मागे येता येईना. थोडा विचार करून ती घरासकट चालू लागली. एक निळे कापडी घर चार पायांवर बैठकीच्या खोलीतून धावत कपाटाखाली गेले, आणि त्याच्यामागे निरीक्षक गुडघ्यांवर. पत्नीने कात्रीने शिवण उसवली तेव्हा थोरली बाहेर आली, अंग झटकले आणि निरीक्षकांकडे पाठ करून बसली. ही पाठ निरीक्षकांना बरेच काही बोलून गेली.

दुसऱ्या घराला त्यांनी उट्टे काढल्यासारखी चारी बाजूंनी दहा-दहा सेंटिमीटर वाढ दिली आणि आत स्पंज भरला. ते उभे राहीना. छप्पर खाली येऊन सगळे उशीसारखे पसरले. शिवण बसावी म्हणून ते खुर्चीवर ठेवले असताना शेजारचे दंतवैद्य आले. ते समितीचे अध्यक्षही होते. पाहणीच्या संदर्भात चार शब्द बोलावेत म्हणून आलेले अध्यक्ष खुर्ची दिसताच बसले. अध्यक्षांना कुणी उठा म्हणेना, आणि आपण कशावर बसलो आहोत हे पत्नीच्या चेहऱ्यावरून ओळखल्यावर अध्यक्षांना आपण होऊन उठण्याचे धैर्य होईना. निरीक्षक पिंजऱ्यापाशी गेले, वाकून पाहिले आणि मोठ्याने म्हणाले, "दोन." तेव्हा सगळ्यांनी श्वास सोडला.

या प्रकाराने ओशाळलेल्या दंतवैद्यांनी व्यावसायिक सल्ला दिला. या प्राण्यांचे दात जन्मभर वाढतात, त्यांना काहीतरी कडक लागते. भिंतींत पुठ्ठा घाला, घरही उभे राहील. निरीक्षकांनी तिसऱ्या घरात पुठ्ठा घातला. घर देखणे उभे राहिले. दुपारच्या चहाला ते उभे होते. दिवेलागणीला त्याच्या भिंती दोघींच्या पोटात होत्या. दंतवैद्यांनी उरलेसुरले पाहून थोरलीच्या दातांबद्दल पूर्ण समाधान व्यक्त केले.

मुदतीचे सात दिवस उरले असताना निरीक्षक वही आणि तिन्ही घरांचे अवशेष घेऊन कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेले. तो त्यांचे शर्ट शिवत असे. त्याने वही चाळली, दशांश पाहिले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"साहेब, ही बसलेली मापं की पळतानाची?"

"सरासरी."

"सरासरी गिनीपिग कुठे राहतो? मला दाखवा, त्याला शिवून देतो." त्याने वही परत दिली. "अंगाचं माप घ्यायचं आणि हलण्याचं शिवायचं. आता तुमचंच बघा. मी टेप लावली की तुम्ही छाती ताठ करता, पोट आत घेता, श्वास रोखता. ते माप मी लिहितो, आणि कापताना दोन इंच वाढवतो."

"कधीपासून?"

"वीस वर्षं झाली असतील."

निरीक्षकांनी अंगातल्या शर्टाकडे पाहिले. पोटावर तो सुखाने पडला होता. राज्यभरातल्या लबाड मापांवर धाडी घालीत हिंडलेला हा माणूस वीस वर्षे, प्रत्यक्ष आपल्या अंगावर, दोन इंचांची नोंद नसलेली वाढ वागवत होता. आणि त्या वाढीमुळेच धाडी घालताना त्याला मोकळेपणाने वाकता येत होते. त्यांनी वाद न घालता वही काखेत मारली. शिंप्याला हे अपूर्वाईचे वाटले असावे, कारण त्याने न मागता त्यांना उलट्या बाजूने शिवून सरळ करायची रीत दाखवली, आणि दारे दोन ठेवा, एका दारात एक अडून बसली तर दुसरीने जायचे कुठून, असेही सांगितले.

चौथे घर निरीक्षकांनी आपल्या नोकरीतल्या जुन्या लोकरी कोटाचे शिवले. बटणे काढून टाकली, आत धुऊन मऊ झालेला टॉवेल लावला, कडेला बोटभर माया ठेवली आणि रुंदी ठरवताना टेप खिशातच राहू दिली. हाताची वीत लावली आणि वर थोडे सोडले. असे करताना त्यांनी दार लोटून घेतले होते. घर किंचित वाकडे झाले. थोरलीने ते हुंगले, आत गेली, वळली आणि दारातून तोंड काढून बसली. दुसऱ्या दारातून धाकटीचे तोंड बाहेर आले. निरीक्षक बराच वेळ जमिनीवर बसून होते. मग पाय झिणझिण्यांनी बधिर झाले, आणि पत्नीने हात देऊन त्यांना उठवले.

या यशाने माणूस थांबायला हवा होता. पण कोटाच्या बाह्या उरल्या होत्या. त्यांचे दोन बोगदे झाले. कॉलरची झोळी झाली. खिशांची वैरणीची पिशवी झाली. दर थोड्या वेळाने काही नवे घेऊन निरीक्षक पिंजऱ्याकडे जात, आणि वहीत शिट्ट्यांची नोंद करत. आडोसा मिळाल्यावर आवाज कमी व्हायला हवा होता. तो वाढला. अकराव्या दिवशी सतरा झाल्या, बाराव्या दिवशी बावीस. खालून पंचांनी छताला काठी लावून दोनदा खूण केली.

तेराव्या दिवशी पत्नी म्हणाली, "तुम्ही घरात नसलात की त्या ओरडत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही शिंप्याकडे गेला होतात तेव्हा दोन तास आवाज नव्हता. तुमची चप्पल जिन्यात वाजली की सुरू."

निरीक्षक हे मानायला तयार नव्हते, म्हणून प्रयोग झाला. ते जिन्यात उभे राहिले: शांतता. खोकले: शिट्टी. पत्नीने फ्रिज उघडला: काही नाही. निरीक्षकांनी उघडला: दोन शिट्ट्या, दुसरी लांब. नऊ प्रयोगांचे निकाल एकसारखे आले. निरीक्षकांनी वही मिटली. म्हणजे ती जनावरे ज्याला घाबरत होती, तो मीच. कोटाच्या घरात दडून बसत होती ती माझ्यापासून. मुलीने दारात सांगितले त्याला कारण होते.

त्यांनी पशुवैद्य बाईंना फोन करून हे जसेच्या तसे कळवले. बाईंनी विचारले, ओरडताना त्या कुठे असतात, आत की बाहेर?

"बाहेर. गजांना पुढचे पाय लावून उभ्या."

"मग घाबरलेल्या नाहीत हो. घाबरलेला प्राणी गप्प बसतो. त्या तुम्हाला हाका मारतायत. काकडी कोण देतं?"

"मी."

"रोज?"

मुलीने पाणी बदलण्यापलीकडे परवानगी दिली नव्हती. "दिवसातून चारदा," ते म्हणाले.

वहीत 'कारण' असा रकाना होता. तो भरायला त्यांनी लेखणी उघडली, बराच वेळ धरली आणि परत बंद केली.

पंधराव्या दिवशी अध्यक्ष, सचिव आणि पंच पाहणीला आले. पत्नीने ठरवल्याप्रमाणे निरीक्षकांना चपला हातात देऊन जिन्यात उभे केले होते. बंद दारापलीकडे आपल्या शिवणकामाची तपासणी चालू आहे आणि आपण अनवाणी पायरीवर उभे आहोत, हे त्यांना जड गेले. आजवर दाराच्या त्या बाजूला तेच असत. आतून सचिवांचा स्वर ऐकू येत होता. कापड चांगले आहे, शिवण मजबूत आहे, पक्षी शांत आहेत. पंचांनी घड्याळ लावून वीस मिनिटे मोजली. एकही शिट्टी झाली नाही. मग सचिवांनी कागद काढला आणि खालची ओळ वाचली: अर्जदाराची सही, प्राण्यांच्या समक्ष.

पत्नी म्हणाली की कागद बाहेर नेते. सचिव म्हणाले, समक्ष म्हणजे समक्ष.

निरीक्षक आत आले. दोन पावलेही झाली नसतील, तोच कोटाच्या घराची दोन्ही दारे एकदम रिकामी झाली, चार पाय गजांवर आले, आणि अशी शिट्टी झाली की पंचांचा हात खांद्यापर्यंत वर गेला.

कुणी काही बोलायच्या आत निरीक्षक बोलले. वकिलासारखे बोलायचे त्यांनी ठरवले होते, पण तसे झाले नाही. "आवाज माझ्यामुळे होतो," ते म्हणाले. "त्यांचा दोष नाही. मी असलो की होतो. त्यांना घालवू नका. मुलगी यायची आहे."

पंचांनी हात खाली घेतला आणि गजांवरच्या चार पायांकडे पाहिले. "तुम्हाला बघून?" त्यांनी विचारले. निरीक्षकांनी मान हलवली. मैदानात मी आलो की लोक वेगळी शिट्टी मारायचे, एवढेच पंच म्हणाले.

समितीने जागेवरच ठराव केला. तपासणीअंती प्राणी निर्दोष आढळले असून आवाजाचे मूळ अर्जदार हे आहेत. सबब पक्ष्यांना परवाना देण्यात येत आहे, आणि अर्जदारांनी दुपारी दोन ते चार या वेळेत चालू नये, खोकू नये, फ्रिज उघडू नये किंवा अन्य कोणत्याही प्रकारे आपले अस्तित्व प्राण्यांना जाणवू देऊ नये. निरीक्षकांनी मसुद्यातली एक चूक दुरुस्त करून त्याखाली सही केली. पाळीव म्हणून नोंद पक्ष्यांची झाली आणि अटी मात्र त्यांना लागल्या, हे त्यांच्या ध्यानात आले. पण तक्रार करावीशी वाटली नाही.

अकरा दिवस त्यांनी अट अक्षरशः पाळली. दोन ते चार ते पलंगावर पडून राहत. खोकला आला तर उशीत खोकत. बाराव्या दिवशी दुपारी घर फार शांत होते. पत्नी बाहेर गेली होती, समुद्रावरून फोन येण्याचा तो वार नव्हता, आणि बैठकीच्या खोलीतून वैरण चघळल्याचा बारीक आवाज येत होता. निरीक्षक उठले. पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेले. तीन वाजून दहा मिनिटांनी, ज्या माणसाने आयुष्यात एकही नियम जाणूनबुजून मोडला नव्हता, त्याने फ्रिज उघडला.

एकच शिट्टी झाली, पण ती चांगली लांब होती. दोघींनी ती मिळून दिली होती. निरीक्षक काकडी हातात धरून, खालून येणाऱ्या काठीच्या आवाजाची वाट पाहत उभे राहिले. आवाज आला नाही.

दुसऱ्या सकाळी जिन्यात पंच भेटले. त्यांनी दाराची कडी नीट लावली, मग निरीक्षकांकडे वळले.

"काल तीन दहाला ऐकली मी."

"होय," निरीक्षक म्हणाले. "लिहा. मी सही करतो."

"फाऊल होताच," पंच म्हणाले. "पण फाऊल दिसला तरी खेळ चालू राहू द्यायचा, हेही पंचाच्याच हातात असतं." आणि एक पायरी उतरून, मागे न पाहता त्यांनी विचारले, "काकडीच लागते, की गाजरही खातात?"